पात्र तुमीच

२६ नोव्हेंबर १८७३, तंजावर

पोचलो एकदाचा. मुंबईपासून इथवर आगगाडीने अंगाचा पार भुगा केला, पण मन इतके ताजेतवाने आहे की आंघोळ बाजूला ठेवून आधी दौत उघडली. स्टेशनातून येताना दोन्ही बाजूंना पाण्याने डबडबलेली भाताची शेते, मध्येच मोठ्या देवळाचे शिखर, आणि गाडीवान तमिळमध्ये काय बडबडत होता देव जाणे. मला एक अक्षर कळले नाही. कळायला हवे होते असेही वाटले नाही.

बिऱ्हाड पश्चिम राजवीथीवर मिळाले आहे, माडीवरच्या दोन खोल्या. मालक गोपालकृष्णपंत हे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आमच्यासारखेच देशस्थ, पूर्वज भोसल्यांच्या मागून इकडे आले ते इथलेच झाले. मला दारात पाहून म्हणाले, "बसा म्हणून सांगितलो की, उभे काय ऱ्हायलाव?" हसू दाबताना माझी पुरेवाट झाली. दोनशे वर्षांपूर्वी घरून निघताना जेवढी मराठी बांधून आणली तेवढीच ही मंडळी पुरवून पुरवून खातात, आणि कमी पडली की तमिळ घालून वाढवतात. मी पुण्यात शिकलेला माणूस. कानाला खटकलेला शब्द मनातल्या मनात दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. सगुणा म्हणते, हा माझा रोगच आहे.

सगुणा संक्रांतीनंतर तिच्या भावासोबत इकडे येईल. लग्नाला सहा वर्षे झाली, पण आईच्या धाकात आम्ही दोघे कधी मोकळेपणी हसलोदेखील नाही. इथे तिचा स्वतःचा संसार असेल, कोणी उणेदुणे काढायला नसेल. चूल कुठे मांडायची हे मी आत्ताच ठरवून टाकले आहे. खिडकीजवळ, म्हणजे धूर तिच्या डोळ्यांत जाणार नाही.

३० नोव्हेंबर

आता कामाला लागलो आहे. मुंबईच्या ज्या साहेबाकडे मी नोकरी करतो त्याला विलायतेतल्या जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचे वेड आहे. इथल्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला डेन्मार्कच्या डेन लोकांची वखार होती तेव्हा त्यांनी इथल्या सरदारांना ताटे, सुरया, फुलदाण्या पुष्कळ नजर केल्या. राज्य खालसा झाल्यापासून ही घरे आतून रिकामी होत चालली आहेत. बाहेर पडेल ते साहेबासाठी उचलायला मी आलो आहे. साहेब याला संग्रह म्हणतो. गिधाडांना बोलता आले असते तर त्यांनीही आपल्या कामाला असेच एखादे सुबक नाव दिले असते.

पण मी तरी कुठला निराळा? लिलावघरात कारकुनी करता करता हाच नाद मला लागला. घरी माझी एक पेटी आहे. त्यात कान तुटलेला पेला आहे, पेल्याविना बशी आहे, साहेबाने फेकून दिलेले झाकण आहे. धड असे एकही भांडे नाही. आई त्या पेटीला उकिरडा म्हणते. सगुणा म्हणत नाही, पण तीही पेटीजवळून जाताना हसते.

आज संध्याकाळी पंतांना चिनी पारखायची रीत दाखवली. आधी बुडाची खूण पाहायची, मग उजेडासमोर धरायचे, आणि शेवटी काठावर नखाने टिचकी मारायची. सलग भांडे घंटेसारखे वाजते. तडा असला की आवाज बोदा येतो, मग तो डोळ्याला दिसो वा न दिसो. इंग्रज आपल्या मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळतात, म्हणून त्यांचे काम इतके पांढरे दिसते, हे सांगितल्यावर पंतांनी कानांवर हात ठेवले. डेन लोक हाड घालत नाहीत म्हटल्यावर त्यांना जरा बरे वाटले. उद्या ते सहकुटुंब ओरत्तनाडूला लेकीच्या बाळंतपणाला जात आहेत. माणूस प्रेमळ आहे. बोलतो वेडेवाकडे, एवढेच.

५ डिसेंबर

आज जे पाहिले त्याने डोळे दिपले.

राजवाड्यामागच्या गल्लीत सरदार रघोजीरावांचे घर आहे. सरदारांना जाऊन बरीच वर्षे झाली. आता त्यांची दुसरी बायको गंगाबाई तिथे एकटी राहते. साठीच्या पुढची, वाळकी, डोळ्यांखाली काळे. तिने कपाट उघडले आणि मी खाली बसलोच. पांढऱ्यावर निळ्या फुलांची नक्षी, हाताने काढलेली, आणि बुडाशी डेन लोकांच्या कारखान्याच्या त्या तीन निळ्या नागमोडी रेघा. मोठ्या ताटांचा अख्खा संच. एकच ताट कमी आहे, त्याची जागा कपाटात रिकामी ठेवली आहे. मी एकेकाला टिचकी मारत गेलो. सगळी खणखणीत वाजली. गंगाबाईने मात्र पहिल्या टिचकीलाच तोंडावर पदर ओढला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. जुन्या वळणाची बाई, परपुरुषासमोर लाजली असेल.

त्या तीन रेघा म्हणजे शंकराचे भस्म, असा या घरचा समज आहे, म्हणून या ताटात ब्राह्मण जेवला तर चालते म्हणे. मी हसू आवरले. साहेबासाठी काय घेणार म्हणून विचारले, तर ती म्हणाली की पात्र विकायचे नाही, पात्र द्यायचे. मराठी ब्राह्मणाने घरी येऊन जेवायचे आणि जाताना सगळे घेऊन जायचे. इथले ब्राह्मण का येत नाहीत, असे मी विचारले. राज्य होते तेव्हा इनामाच्या आशेने येत, आता कोण येतो, असे तिने उत्तर दिले.

म्हणजे ही सगळी मला मिळतील, असे मी विचारले. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. मग म्हणाली, "पात्र तुमीच."

पात्र तुमचेच, असे म्हणायचे होते बिचारीला. षष्ठीचा प्रत्यय दोनशे वर्षांत कुठे सांडला कोण जाणे. मी खुशीने मान हलवली. तेवढ्याने तिचे भागेना. घरच्या व्यंकटरमणभटजींना बाहेर बोलावून त्यांच्यासमोर मला म्हणाली, "मीच म्हणून सांगा की." मी म्हटले, मीच. भटजींनी खाली पाहिले.

साहेबाला यातले काही कळवणार नाही. ही माझी आहेत. जन्मात पहिल्यांदा काहीतरी धड माझे होणार आहे.

९ डिसेंबर

जेवण झाले, ताटे घरी आली.

तसे सगळे नीटच झाले, पण थोडे चमत्कारिक वाटले ते लिहून ठेवतो. पंगतीला दुसरे कोणी नव्हते. मला एकट्यालाच त्या निळ्या ताटात वाढले. कशातही मिरची नाही, सगळा तिखटपणा मिऱ्यांचा. इकडची चव अशीच असेल. भात मात्र कचकचत होता. तांदूळ नीट निवडले नसावेत. मी दाताखालची कच जिभेने बाजूला काढू लागलो तर भटजी घाईघाईने म्हणाले की काही टाकायचे नाही, सगळे पोटात गेले पाहिजे. ताटांच्या लोभाने मी शेवटच्या शितापर्यंत खाल्ले. आत गंगाबाई रडत होती. ताटे घरातून जाणार म्हणून रडू आले असेल असे वाटले.

निघताना रीतीप्रमाणे "येतो" म्हटले. गंगाबाई चटकन म्हणाली, "येतो म्हणू नये." मग मी उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच पाठीमागे घागरभर पाणी ओतल्याचा आवाज आला. सोपा धुवायला घेतला होता. माणूस जरा गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तरी थांबावे. राग आला. पण हमालाच्या डोक्यावरची पेटी पाहिली आणि राग विसरलो.

१३ डिसेंबर

ताटे भिंतीशी मांडली आहेत. नुसता पाहत बसतो. सगुणा आली की पहिल्या दिवशी तिला यातच वाढीन.

मला जेवू घालणारी खाणावळीची बाई आजपासून नको म्हणते. कारण सांगत नाही. मार्गळी महिना लागला, बायका पहाटे दारात रांगोळ्या घालतात. आज मी जवळून गेलो तर एकीने पोराला ओढून आत घेतले. मी तिला म्हणालो, "पोदुम." म्हणजे पुरे. हा शब्द मी कधी शिकलो?

हात जड वाटतात. सकाळी तोंड धुताना ते दुसऱ्या कोणाचे असावेत असे क्षणभर वाटले. बोटे इतकी जाड नव्हती माझी. या हवेने सूज आली असेल.

१८ डिसेंबर

पंत परत आले. मला पाहून जिन्यातच थांबले. ताटे कुठून आली म्हणून विचारले. मी सांगत गेलो आणि ते एकेक पायरी खाली उतरत गेले. शेवटी अंगणातून बोलले, मी माडीवर, आणि सगळे सांगून झाल्यावर रडले. ते म्हणाले ते असे.

पूर्वी इथल्या मोठ्या घरांत एक रीत होती. मेलेला माणूस मोठा पापी असेल तर चितेतून न जळलेली हाडे राखून ठेवत, त्यांची पूड करून भातात कालवत आणि ब्राह्मणाला जेवू घालत. खाणाऱ्याच्या पोटात मेलेल्याचे पाप जाते. त्याला हवे ते द्यायचे आणि घराबाहेर काढायचे. त्या ब्राह्मणाला पात्र म्हणतात. राज्य होते तोवर गावे इनाम मिळत म्हणून कोणी ना कोणी तयार होई. राज्य गेले आणि रघोजीराव डब्यात राहिले. इतकी वर्षे गंगाबाई परगावच्या ब्राह्मणाची वाट पाहत होती.

पात्र तुमीच.

तिची मराठी बरोबर होती. चूक मी केली. मी तिचे वाक्य दुरुस्त केले.

बोटे घशात घातली. पाण्याशिवाय काही आले नाही. इतक्या दिवसांनी काय येणार?

१९ डिसेंबर

गंगाबाईकडे गेलो. तिने दार उघडले नाही, खिडकीतून बोलली. चेहरा भरला आहे तिचा. डोळ्यांखालचे काळे गेले आहे. मी शिव्या दिल्या, त्या तिने ऐकून घेतल्या.

मग तिने रघोजीरावांचे सांगितले. ते माणसांनाही टिचकी मारून पाहत. कपाळावर. आवाज बोदा आला म्हणून सांगत. पहिली बायको जया, तिच्या हातून पाहुण्यांसमोर एक ताट फुटले. त्यानंतर रोज तिच्या कपाळावर टिचकी. आणि एके दिवशी, फुटके भांडे घरात ठेवू नये म्हणून तिला परसातल्या विहिरीत घातले. पाय घसरला असे गावाला कळवले. मेल्यावरही ते गेले नाहीत. गंगाबाई दुपारी जरा आडवी झाली की कपाळावर टिचकी. तुम्ही जेवून गेलात त्या दिवसापासून मी झोपते, असे म्हणाली.

मी काय वाकडे केले होते तुमचे, असे विचारले. ती शांतपणे म्हणाली, "तुमी मागिटलाव, आमी दिलो." आणि खिडकी लावून घेतली.

खरे आहे. मागितले होते. याचाच राग सर्वांत जास्त येतो.

२२ डिसेंबर

व्यंकटरमणभटजींना रस्त्यात गाठले. उतारा विचारला. ते दूर सरून म्हणाले, उतारा नाही. तुम्ही गेल्यावर तुमची हाडे कोणी अशीच खाल्ली तरच.

स्टेशनावर गेलो होतो. गाडी उभी होती. पाय गाडीत चढले नाहीत. घरी आलो म्हणून वाटले, पाहतो तो रघोजीरावांच्या परसात, विहिरीच्या काठावर. वाट कोणाला विचारली नाही. वाट ठाऊक होती.

ताटे फोडायला गेलो. हात ती उराशी धरतात.

२४ डिसेंबर

सगुणाला लिहिले. येऊ नकोस. काही झाले तरी येऊ नकोस, मी मेलो असे समज आणि माहेरी राहा. दुसरे काही लिहिले नाही. स्वतः जाऊन टपालात टाकले.

आता तिला धोका नाही. हे लिहिले आणि रडू आले. चूल मांडायची जागा रोज दिसते.

२८ डिसेंबर

मला तिचे आठवते. जयाचे.

मी तिला कधी पाहिले नाही. तरी आठवते. बांगड्या विहिरीच्या दगडावर वाजल्या तो आवाज. तिने हाक मारली नाही, फक्त बोटे — काठ धरलेली बोटे एकेक करून — कोणी सोडवली ते मला ठाऊक आहे. या हातांना ठाऊक आहे.

आणि त्या वेळी वाईट वाटले नाही. हे लिहिणे भाग आहे. बरे वाटले. घर स्वच्छ जाहले म्हणून वाटले.

जाहले नव्हे. झाले. झाले. झाले.

१ जानेवारी १८७४

तार आली. पंतांनी काठीच्या टोकाने सरकवून दिली.

सगुणा निघाली. पत्राप्रमाणे लगेच निघते आहे, आपण इतक्या मायेने कधी बोलावले नव्हते, असे तारेत आहे. तारेत इतके शब्द घालायला भावाने कुरकूर केली असेल. आनंदात आहे ती.

मी काय लिहिले होते? येऊ नकोस, असे लिहिले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिले —

माझ्या डोळ्यांनी?

उलट तार करायला गेलो. तारबाबूने मजकूर वाचून हसून पाहिले. "बाईसाहेब भाग्यवान," असे म्हणाला, तोही इकडचाच मराठी. कागद हिसकावून घेतला. त्यावर इकडच्या जुन्या वळणाने लिहिले होते, सत्वर येणे.

३ जानेवारी

मेलो तर सुटेल ती. दोर बांधला. हात गाठ सोडवतात. त्यांना घाई नाही. त्यांना ती यायला हवी आहे.

आज पंत जिन्याखाली होते. दुरून त्यांचे कपाळ — एवढ्या अंतरावरूनही कळते, बोदे आहे.

५ जानेवारी

पंतांच्या पायां पडलो, दुरूनच. मला माडीवर कोंडा म्हणून सांगितले. बाहेरून कुलूप घातले त्यांनी. किल्ली कोणाला द्यायची नाही, माझ्या बायकोलाही नाही, शपथ घ्या म्हणून सांगितलो. घेतली. चांगला माणूस. भात दाराच्या फटीतून देतात.

सांगितलो नव्हे. सांगितले. मी पुण्यात शिकलो. मी हनुमंतराव. मी पुण्यात —

७ जानेवारी

नावे लिहून ठेवतो. सगुणा. उजव्या भुवईवर व्रण. हसताना तोंडावर हात. खिडकीजवळ चूल. सगुणा.

तासाभराने वाचले. व्रण कोणाच्या भुवईवर, आठवेना.

८ जानेवारी

आली.

खाली तिचा आवाज. पंत तिला सगळे सांगत आहेत. ती ऐकत नाही. म्हणते, माझा माणूस तापाने फणफणला असेल आणि तुम्ही त्याला जनावरासारखे कोंडून ठेवले. किल्ली द्या म्हणते. पंत नको म्हणतात. ती रडते आहे. बायको ती, तिला कसे अडवू, असे पंत कोणाला तरी विचारतात —

देऊ नका.

दाराशी आली. मी ओरडलो, जा. सारा जीव एकवटून ओरडलो, जा म्हणून. कानाला ऐकू आले ते, ये. गोड. तिच्याशी इतके गोड मी कधी बोललो नाही.

ती हसली. रडता रडता हसली.

किल्ली फिरते —

हे नाव लिहीत राहिलो तर हात गुंतून राहतील. सगुणा जा. सगुणा. सगुणा. सगुणा सग

दार उघडले. दारात जया उभी. अंगावर पाणी नाही म्हणून नवल. हीस तर म्या विहिरी—